कॉम्प्युटरचे भाग निवडताना: आधी मर्यादा, मग यादी



दोन वर्षांपूर्वी आमच्या लेकीने घरीच कॉम्प्युटर जोडायचा हट्ट धरला, तेव्हा मी पटकन म्हणाले होते, "मला त्यातलं काही कळत नाही, बाबांना विचार." ते वाक्य मागे घेण्यासाठी आज लिहिते आहे. कुठला भाग काय करतो, हे दोन संध्याकाळी बसून समजून घेता येतं. अवघड असतं ते किती हवं आणि कुठे थांबायचं हे ठरवणं. परिग्रह-परिमाणाचा नियम पाळणाऱ्या घरात हा सराव आपल्यालाच जास्त असतो. म्हणून पहिल्या कॉम्प्युटरची यादी करताना घरातल्या बाईने बसलंच पाहिजे, असं माझं मत झालं आहे.

निमित्त झालं जुन्या लॅपटॉपचं. चारच वर्षं वापरलेला, पडदा आणि कीबोर्ड ठणठणीत. पण रॅम फक्त 4 जीबी, तीही बोर्डवर सोल्डर करून पक्की बसवलेली. "वाढवता येणार नाही, नवीनच घ्या," असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. एवढ्याशा तुकड्यापायी अख्खं यंत्र अडगळीत टाकायचं, हे मनाला पटेना.

सुट्या भागांच्या कॉम्प्युटरमध्ये असं सहसा होत नाही. रॅम कमी पडली तर रॅम घाला, पंखा बिघडला तर पंखा बदला. एएमडी कंपनीचे पहिले रायझन प्रोसेसर 2017 साली ज्या एएम4 सॉकेटवर आले, त्याच सॉकेटवर 2021 चे प्रोसेसरही बसतात. त्या काळातल्या कित्येक जुन्या मदरबोर्डवर बायोस अपडेट केलं की ते चालतात. जे चांगलं आहे ते टाकावं लागत नाही. मला यात अपरिग्रह दिसला.

पण याच गुणाची दुसरी बाजूही आहे. भाग बदलता येतात म्हणून बदलत राहायची चटक लागते. आज कार्ड, उद्या कूलर, परवा मोठा पडदा. तेव्हा मर्यादा आधी आणि यादी नंतर. हा क्रम उलटला की वस्तू आपल्याला चालवू लागते.

आम्ही जेवणानंतर वही घेऊन बसलो. कोण काय वापरणार, ते लिहिलं. लेकीचा कॉलेजचा अभ्यास आणि प्रोग्रामिंग, ह्यांच्या दुकानाचे हिशेब, सासूबाईंचा ऑनलाइन स्वाध्याय, मुलाचा शाळेचा अभ्यास. मुलाने शेवटी हळूच लिहिलं, "गेम." मग आकडा ठरला: पडद्यासह 50 हजार. त्यापुढे एक रुपयाही नाही.

दुकानात गेलो तर दुकानदार सगळं ह्यांच्याशीच बोलत होता. मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा निवांत, चहा सांगतो." त्याने केलेल्या यादीत काचेचं कॅबिनेट होतं, रंगीत दिव्यांचे चार पंखे होते. एसएमपीएसपुढे मात्र नुसतं लिहिलं होतं, "कॅबिनेटसोबत." ना कंपनी, ना वॉरंटी. मी विचारलं, "भाऊ, सगळ्या भागांना वीज पुरवणारी वस्तू हीच ना? मग हिचं नाव का नाही?" तो हसला. आम्ही यादी घेऊन घरी आलो.

एसएमपीएस म्हणजे घरातून येणारी वीज प्रत्येक भागाला लागेल तशी करून देणारा डबा. मला तो आपल्या पाणी गाळायच्या फडक्यासारखा वाटतो. स्वयंपाकघरातली सगळ्यात साधी दिसणारी वस्तू, पण घरातलं प्रत्येक घोटभर पाणी तिच्यातून जातं. फडकं विरलं असेल तर चांदीचा तांब्या काय कामाचा? हलका एसएमपीएस बिघडताना मदरबोर्ड आणि डिस्कलाही सोबत नेऊ शकतो. त्यावर '80 प्लस'ची खूण पाहावी. घेतलेल्या विजेपैकी किमान 80 टक्के वीज तो भागांपर्यंत पोहोचवतो आणि बाकीचीच उष्णतेत जाते, असा तिचा अर्थ. ब्राँझ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. ही खूण फक्त बचतीबद्दल बोलते, म्हणून कंपनीचं नाव आणि वॉरंटीची वर्षंही बघायची. आम्ही 450 वॅटचा ब्राँझ घेतला. दिव्यांचे वाचलेले पैसे इथे घातले.

आता प्रोसेसर. इथे नावाच्या शेवटचं अक्षर वाचायचं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात पडद्यावर चित्र दाखवायची सोय नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. दुकानदाराच्या यादीत नेमका तसाच होता. म्हणजे तो स्वस्त दिसला, तरी पुढचा खर्च ठरलेला. आम्ही रायझन 5 5600जी घेतला. सहा कोअर, 65 वॅटचा, ग्राफिक्स आतच, आणि डब्यात त्याचा पंखाही येतो. आज नव्याने घेणारीने एएम5 हा 2022 चा सॉकेटही पाहावा. त्याला डीडीआर5 रॅमच लागते, खर्च वाढतो, पण पुढचे प्रोसेसर त्यावर बसण्याची शक्यता जास्त. जास्त वर्षं टिकवायचं असेल तर तो हिशेब वाईट नाही.

मदरबोर्ड घेताना तीन गोष्टी जुळवायच्या: प्रोसेसरचा सॉकेट, रॅमचा प्रकार आणि कॅबिनेटचं माप. डीडीआर4 च्या खाचेत डीडीआर5 बसत नाही. जबरदस्ती केली तर दोन्ही मोडतील. रॅमसाठी चार खाचा असलेला बोर्ड थोडा महाग पडला, तरी आम्ही तोच घेतला. 8 जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या, कारण दोन पट्ट्या जोडीने काम करतात आणि आतलंच ग्राफिक्स असलं की त्याचा फरक चांगला जाणवतो. दोन खाचा रिकाम्या ठेवल्या. डिस्क एसएसडीच हवी. कुणाच्या घरी जुना डेस्कटॉप हळू चालत असेल, तर नवीन घेण्याआधी त्यात एक एसएसडी घालून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं आणि या लेखातलं बाकी काही घ्यावं लागत नाही.

कॅबिनेटबद्दल मात्र मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण ते दुकानात कुणी सांगत नाही. पावसाळ्यात उजेडावर किती किडे येतात, हे सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या घराला वेगळं शिकवायला नको. रात्रभर रंगीत दिवे लावून ठेवायचे आणि शेजारीच पंखे फिरत ठेवायचे, हा कसला शौक? आम्ही साधं पत्र्याचं कॅबिनेट घेतलं. हवेच्या तोंडाला बारीक जाळी, जी काढून झटकता येते. मागच्या रिकाम्या फटींच्या पट्ट्या बसवलेल्याच ठेवल्या, म्हणजे झुरळ, पाल, मुंगी आत जाऊन अडकत नाही. यंत्राचंही त्यात भलं आहे. कॅबिनेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेलं नाही. हवा खेळती असली की उन्हाळ्यातही तापत नाही.

स्वच्छतेचंही तसंच. आधी वायर काढायची, मग झाकण उघडून दिवसाच्या उजेडात नीट पाहायचं. कीटक असेल तर मऊ ब्रशने अलगद कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. धूळ त्यानंतर. आत फवारा मारायचा नाही, आणि न बघता ब्लोअर तर मुळीच नाही. यत्नाचार हाच की!

आता ज्यावरून घरात खरं वाजलं ते ग्राफिक्स कार्ड. मुलाला ते हवं होतं. त्याचे सगळे मित्र बंदुकांचे गेम खेळतात. मी ऐकताक्षणी म्हटलं, "आपल्या घरात ते चालणार नाही." आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतलं हिंसादान मला आठवलं. विनाकारण हिंसेची साधनं पुरवू नयेत, हे त्यातलं सांगणं. खेळातली गोळी खोटी असते, हे मलाही कळतं. पण तासन्‌तास मन कशात रमतं, ते खोटं नसतं. शिवाय पैशाचा आणि विजेचा हिशेब वेगळाच. मध्यम कार्डालाही सहज शंभरावर वॅट लागतात.

तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. दशलक्षण पर्वाचेच दिवस होते. क्षमावणीला मी त्याची क्षमा मागितली. कार्ड घेतलं नाही याची नाही. त्याचं बोलणं पुरतं न ऐकता 'नाही' म्हटलं, त्याची. तेव्हा त्याने सांगितलं, गेमपेक्षाही मित्रांच्या बोलण्यात आपण वेगळे पडतो, हे त्याला जास्त लागत होतं. हे मला यादीत कुठे दिसणार होतं? मग ठरलं ते असं: कार्डाची खाच रिकामी राहील. पुढे अभ्यासाला गरज लागली तर घेऊ. तोवर बुद्धिबळ, फुटबॉल, गाड्यांचे साधे खेळ आतल्या ग्राफिक्सवर खेळ, मित्रांना घरी बोलाव. माझा निर्णय सगळ्या घरांना लागू होईल असं नाही. चित्रफिती जोडणं, इमारतीचे आराखडे, थ्रीडी असं शिक्षण असेल तर कार्ड ही गरज होते, चैन नव्हे. गरज आणि चैन कुठे वेगळी होते ते आपल्या घरापुरतं ठरवायचं, पण ते मुलांना समोर बसवून.

काही मैत्रिणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, तयार आणा! ज्यांना रोज सोबत न्यायचा आहे त्यांनी लॅपटॉपच घ्यावा. तेव्हा रॅम आणि डिस्क बदलता येते का, एवढं विचारून घ्यावं. घरी एका जागी बसून वापरायचा असेल तर मात्र हा खटाटोप करण्यासारखा आहे. प्रत्येक भागाचं पक्कं जीएसटी बिल घ्या, डबे वॉरंटी संपेपर्यंत जपा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वीज येत-जात असेल तर छोटा यूपीएस मर्यादेतच धरा. तो ऐनवेळचा खर्च नाही.

आणि जुनं काय करायचं? ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. बोर्डमध्ये शिसं असतं, आणखी विषारी धातूही असतात. भंगारात जाळले की ते माणसाच्या, मुक्या जिवांच्या, मातीच्या वाट्याला येतात. म्हणून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या. आमचा लॅपटॉप अजून बहिणीच्या मुलीकडे चालतो. तिला फक्त अक्षरं गिरवायची आणि गाणी ऐकायची असतात, 4 जीबी पुरते.

दोन वर्षांत आम्ही कॉम्प्युटरमध्ये एकच गोष्ट घातली, रॅमची जोडी. काढून टाकलं काहीच नाही. लेकीने आणि मुलाने तो रविवारी सकाळी मिळून जोडला होता, मी शेजारी बसून स्क्रू मोजत होते. सासूबाई आता स्वतः सुरू करून स्वाध्यायाला बसतात.

कार्डाची खाच अजून रिकामीच आहे. मुलगा अधूनमधून विचारतो, मी ऐकून घेते, मग आम्ही दोघं मिळून वही उघडतो. यंदा उत्तम आकिंचन्याच्या दिवशी तुम्हीही एक वही उघडून बघा. कॉम्प्युटर घ्यायचा नसला तरी चालेल, शेवटी एक रेघ मात्र ओढा आणि तिच्याखाली लिहा, "इथे पुरे."

जय जिनेंद्र.