विश्लेषण : पुरस्काराची बातमी येते, मग सिनेमा का येत नाही?

सनडान्स, कान, व्हेनिस, टोरंटो… वर्षातून तीन-चारदा तरी मोबाइलवर बातमी येते की एका लहानशा भारतीय सिनेमाने परदेशात बाजी मारली. आपण ती घरच्यांच्या ग्रुपवर टाकतो, ट्रेलर शोधतो, ‘आला की जाऊ’ म्हणतो. त्यानंतर महिनोन्‌महिने शांतता. मग कधी तरी कळते की तो येऊन गेला. जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये म्हणे एकच शो होता, तोही सकाळी दहाचा. महिन्याकाठी एखादा सिनेमा पाहणाऱ्या माझ्यासारख्या प्रेक्षकाचा हा नेहमीचा अनुभव. ‘अशा सिनेमांना प्रेक्षकच नाही’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते फार तर अर्धे खरे आहे.

आठ महिने आणि एक शुक्रवार

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. सनडान्सला निवडला गेलेला हा पहिलाच मराठी सिनेमा. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि तिथे पुन्हा भेटलेला बालपणीचा मित्र बाळ्या, या दोन पुरुषांच्या जवळिकीची ही गोष्ट. भाषा आपली, दहाव्यापर्यंतचे विधी आपले, ‘लग्न कधी करतोस’ म्हणून पिच्छा पुरवणारे नातेवाईकही आपलेच.

भारतात तो आला १९ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे पुरस्कारानंतर जवळपास आठ महिन्यांनी. पडद्यावर आणणारी कंपनी होती तेलुगू अभिनेते राणा दग्गुबाती यांची स्पिरिट मीडिया. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ही २०२४ मध्ये याच कंपनीने भारतात वितरित केला होता. महाराष्ट्रातल्या मातीचा सिनेमा महाराष्ट्रात आणायला हैदराबादची कंपनी लागावी, हे आपल्याकडच्या वितरकांबद्दल बरेच काही सांगते.

आता त्या शुक्रवारचे वेळापत्रक पाहा. त्याच दिवशी ‘जॉली एलएलबी ३’ लागला. आठवडाभर आधी आलेला ‘दशावतार’ जोरात चालू होता. पुढच्याच शुक्रवारी नीरज घायवान यांचा, कानला गाजलेला ‘होमबाउंड’ येणार होता. महिन्यातून एकदाच जाणाऱ्या कुटुंबाने त्या दोन आठवड्यांत कशाची निवड केली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आठ महिने हा तसा बरा वेग. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला सप्टेंबर २०२३ मध्ये टोरंटोत नेटपॅक पुरस्कार मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, स्थानिक कलाकारांना घेऊन केलेला, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमावरचा सिनेमा. तो चित्रपटगृहात आला ७ मार्च २०२५ रोजी, दीड वर्षाने. तोवर पुरस्काराची बातमी कोणाच्या लक्षात राहणार?

गणित कुठे बिघडते?

सिनेमा तयार होणे आणि सिनेमा लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्मितीसाठी परदेशी सहनिर्माते, निधी, कार्यशाळा असे मार्ग निघतात. प्रदर्शनासाठी मात्र रोख पैसे लागतात. पोस्टर, जाहिरात, प्रसिद्धी यांचा खर्च आहेच. त्यावर डिजिटल प्रक्षेपणासाठी द्यावे लागणारे शुल्क, ज्याला या धंद्यात ‘व्हीपीएफ’ म्हणतात. मोठ्या सिनेमाला ते जाणवतही नाही. पण वीस-तीस पडद्यांवर लागणाऱ्या सिनेमाला रिकाम्या खुर्च्यांचेही भाडे भरल्यासारखे होते.

दुसरी मेख उत्पन्नाच्या वाटणीत आहे. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संघर्ष चालला. त्यानंतरच्या तडजोडीत हिंदी सिनेमासाठी वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. सिनेमागणिक आकडे बदलू शकतात, पण उतरती भाजणी तीच. ही रचना पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचणाऱ्या सिनेमाच्या सोयीची आहे. लहान सिनेमा कानोकानी पसरतो; एकाने पाहिला, दुसऱ्याला सांगितले, तिसरा पुढच्या रविवारी गेला. म्हणजे त्याचा प्रेक्षक जमू लागतो तेव्हा त्याचा वाटा घटलेला असतो. आणि बहुतेक वेळा तोवर शोच उरलेला नसतो, कारण शनिवार-रविवारचा गल्ला पाहून सोमवारपासूनचे शो कापले जातात.

सकाळी दहाला नोकरदार माणूस येत नाही. मग खुर्च्या रिकाम्या राहतात आणि त्या दाखवून प्रेक्षक नसल्याचे सिद्ध होते. दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक नसल्याची तक्रार करण्यासारखेच हे. मल्टिप्लेक्सची बाजूही आहे, ती नाकारता येत नाही: भाडे, वीज, पगार रोजचे आहेत आणि संध्याकाळचा एक शो रिकामा जाणे परवडत नाही. पण मग मागणी नव्हती असे म्हणू नये. मागणी तपासलीच नाही, असे म्हणावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कनू बहल यांनी ‘आग्रा’ला शो मिळत नसल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा अनेक स्वतंत्र दिग्दर्शकांनी एकत्र येऊन शो आणि वेळांच्या न्याय्य वाटपाची मागणी केली, ती याच मुद्द्यावर.

ओटीटीवर येईलच ना?

हा भरवसा करोनाकाळातला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा वाटले की पडद्याची अडचण संपली. आता प्लॅटफॉर्म आधी विचारतात, नाव कोणाचे आणि चित्रपटगृहात किती चालला? म्हणजे पुन्हा तोच सकाळी दहाचा शो.

काही सिनेमे तर तिथवरही पोहोचत नाहीत. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ ही ब्रिटनची ऑस्करसाठीची प्रवेशिका, पण सिनेमा हिंदी आणि गोष्ट भारतीय पोलिसांची. सेन्सॉर मंडळाने सुचवलेल्या काटछाटीमुळे तो इथे प्रदर्शित झाला नाही. अशा वेळी दाद मागायला पूर्वी अपिलीय न्यायाधिकरण होते. ते एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झाले. आता थेट उच्च न्यायालय. लहान निर्मात्याच्या खिशाला हा मार्ग किती परवडतो, हे उघड आहे.

मराठीसाठीचा नियम आहे, पण…

२०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली. गदारोळ झाला आणि वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. शिवाय एक गाजता मराठी सिनेमा लावला की नियम पाळला जातो. ‘स्थळ’सारख्याच्या वाट्याला त्यातून काही येतेच असे नाही. राज्याच्या अनुदानाने निर्मात्याला हातभार लागतो, पण त्यातून शो मिळत नाही.

केरळने वेगळे केले आहे. तिथे सरकारी महामंडळाची स्वतःची चित्रपटगृहे आहेत आणि मार्च २०२४ पासून ‘सी स्पेस’ हे सरकारी ओटीटीही आहे, तेही पाहाल तेवढ्याचेच पैसे. आपल्याकडे मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चोखंदळ सिनेमे दाखवते आहे, पुण्याचा महोत्सव आहे, गोव्यात २००४ पासून इफ्फी भरतो. पण महोत्सव आठवडाभराचा, आणि बीड किंवा गोंदियाच्या माणसाने त्यासाठी रजा काढून पणजीला जायचे का?

पुढची बातमी वाचताना

व्हेनिसमध्ये २०२५ साली अनुपर्णा रॉय यांना ‘साँग्ज ऑफ फरगॉटन ट्रीज’साठी ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मुंबईत एकत्र राहणाऱ्या दोन स्थलांतरित तरुणींची ही गोष्ट. अशा बातमीत पुरस्काराच्या नावाखाली दोन गोष्टी शोधाव्यात: भारतातला वितरक कोण आणि सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाले का. वितरकाचे नाव नसेल, तर थांबण्याची तयारी ठेवावी. असेल, तर प्रदर्शनाच्या आठवड्यात बुधवार-गुरुवारी तिकिटाच्या अॅपवर नजर ठेवावी आणि जायचे तर पहिल्याच शनिवार-रविवारी जावे. तिसऱ्या आठवड्याचा बेत केलात, तर बहुधा शेजारच्या पडद्यावरचा सिनेमा पाहून परत याल.