चिऊताईला दार बंद

इथे ओहायोत बर्फ वितळायला लागलं की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "परसात पर्पल मार्टिनसाठी घर लावावं म्हणतोय. डास कमी होतात ना?"

माझं स्पष्ट मत, डासांसाठी लावणार असाल तर लावूच नका! मार्टिन म्हणजे आपल्या भिंगरीची थोरली चुलतबहीण. ती दिवसा उंचावर उडत चतुर, भुंगेरे, माश्या टिपते. डास बहुतेक संध्याकाळनंतर आणि जमिनीलगत. 'दिवसाला २००० डास फस्त' ही घरं विकणाऱ्यांची जाहिरातबाजी होती, दुसरं काही नाही.

घर लावायचं खरं कारण वेगळं आहे. रॉकी पर्वताच्या पूर्वेला हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरातच अंडी घालतो. मूळ अमेरिकन लोक त्याच्यासाठी पोकळ भोपळे टांगायचे, तेव्हापासूनची ही सवय. हिवाळा ब्राझीलकडे काढून हजारो मैल उडत तो परत येतो, तो आपल्या भरवशावर.

तर मंडळी, लावायचंच असेल तर नीट लावा. पांढरं घर, १२-१५ फूट उंच खांब, झाडांपासून किमान ४० फूट लांब, पण आपल्या घरापासून १०० फुटांच्या आत. माणसांची वर्दळ त्यांना आवडते. खांबाला साप आणि रकून चढू नयेत म्हणून पत्र्याचा अडसर हवा आणि घर खाली उतरवायला दोरी-कप्पी. जुने पक्षी आपल्या जुन्याच जागी परततात. नव्या जागेत येतात ती बहुतेक गेल्या वर्षीची पिल्लं, आणि ती महिनाभर तरी उशिरा पोचतात. तोवर भोकं बंद ठेवायची.

का? तर चिमण्या शिरतात म्हणून! आणि इथेच आपल्या मराठी मनाची पंचाईत होते.

ही चिमणी म्हणजे तीच, आपल्या वळचणीतली. १८५१ च्या सुमारास ती युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडली. इथे ती मार्टिनची अंडी फोडते, पिल्लं मारते. मार्टिनला १९१८ च्या कायद्याचं संरक्षण आहे, चिमणीला नाही. मी दर आठवड्याला घर खाली उतरवून तिने भरलेलं गवत काढतो. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, चिमणीचं घर मोडतोस?" तिकडे नाशिकच्या संस्थेने पुढाकार घेऊन २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस सुरू केला, आणि इकडे मी हे करतोय. हात अडखळतोच. गोष्टीतली चिऊताई कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते, इथे मला चिऊताईलाच ताटकळत ठेवावं लागतं.

तरीही मला हेच योग्य वाटतं. चिमणीला इथे दुकानाच्या पाटीमागे, गॅरेजच्या छपराखाली, कुठेही चालतं. मार्टिनला आपल्याशिवाय आसरा उरलेला नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. दर आठवड्याला खांबाशी जायची आणि चिमणीला 'नाही' म्हणायची तयारी असेल तर जरूर लावा. घर टांगून मोकळं व्हायचं असेल तर परस रिकामंच बरं. बेवारस घरात चिमण्याच वाढतात, आणि मार्टिनला ते घर म्हणजे सापळा.

पटतंय का बघा!