पाहणाऱ्यांवर पहारा कोणाचा?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीस गुरुकुंज मोझरी येथे लाखोंचा समुदाय जमतो आणि सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन धारण करून उभा राहतो. अशा गर्दीत चुकलेले मूल शोधावयास वा खिसेकापूस पकडावयास पोलिसांचा कॅमेरा उपयोगी पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रक्षणासाठी उघडलेला डोळा निराळा आणि नागरिकावर अष्टौप्रहर रोखलेला डोळा निराळा. त्या दोहोंमधील सीमा कायद्यानेच आखली पाहिजे.

२००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत योजलेले सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे २०१६ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी राज्य शासनाने अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. शंभरांहून अधिक माणसांच्या कार्यक्रमास पोलिसांची अनुमती आणि गर्दीच्या ठिकाणी कॅमेऱ्यांची सक्ती त्यात होती. या मापाने लग्नाची पंगत आणि भजनाचा मेळावाही ठाण्याच्या दारी गेला असता! लोकमत खवळले आणि तो मसुदा कायदा होऊ शकला नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथेही मुस्लिम वस्त्यांभोवती बसविलेले दोनशेंहून अधिक कॅमेरे २०१० मध्ये रहिवाशांच्या विरोधामुळे झाकावे लागले आणि पुढे काढून टाकावे लागले. अशा विरोधास गुन्हेगारांची पाठराखण म्हणणे हा शुद्ध कांगावा होय.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने दिला. त्या हक्कावर मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि बेताचे प्रमाण हवे. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राकडे ठेविली. उलट, प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याच्या न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाची रड संपेना. कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तावरून २०२५ मध्ये न्यायालयास स्वतःहून हा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा लागला. चव्हाट्यावरचा कॅमेरा जागा आणि कोठडीतला निजलेला, हा कोणता न्याय?

'ग्रामगीते'त ग्रामरक्षणास स्वतंत्र अध्याय आहे आणि तेथे रक्षणाचा भार गावकऱ्यांनीच उचलावयाचा आहे. शहराच्या रक्षणातही शहरवासीयांचा शब्द चालला पाहिजे. चित्रण कोण पाहतो, ते किती दिवस ठेवितो, दुरुपयोग झाल्यास दाद कोणाकडे मागावी, याची उत्तरे विधिमंडळाने कायद्यात लिहावी. तोवर नागरिकांनी हे प्रश्न विचारीत राहणे हे त्यांचे कर्तव्यच आहे, असे आम्ही मानतो.