लोहाराची खुर्ची

उद्या १४ नोव्हेंबर. शाळाशाळांतून बालदिन साजरा होईल. त्याच दिवशी देशातले धातुविद बरीच वर्षे आपला राष्ट्रीय दिन पाळत आले, पण ती बातमी बहुधा कारखान्यांच्या फाटकाबाहेर आली नाही. दरवर्षी याच सुमारास देशातल्या कुठल्या तरी शहरात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सची वार्षिक तांत्रिक परिषद भरते. मानपत्रे दिली जातात, शोधनिबंध वाचले जातात, आणि दोन-तीन दिवसांनी पाहुणे आपापल्या गावी परततात. उरलेले वर्षभर ही संस्था चालते ती गावोगावच्या शाखांवर. पुणे, मुंबई, नागपूर इथे अशा शाखा आहेत. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहायला आजच्यासारखा दिवस नाही.

ही संस्था १९४६ सालची, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची. बनारस हिंदू विद्यापीठात धातुशास्त्राचे पदवी शिक्षण १९२३ मध्ये सुरू झाले होते. त्याला तेव्हा दोन तपेही पूर्ण झाली नव्हती. पदवीधर धातुविद मोजके, पोलादाचे मोठे कारखाने त्याहून मोजके. अशा काळात एकमेकांना भेटण्याची जागा हवी, ही गरज आपोआपच जाणवली असणार. आज चित्र उलटे आहे. भोसरी-चाकणपासून शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंत भट्ट्यांची दाटी आहे. ओतकामवाल्यांची १९५० पासूनची वेगळी संस्था आहे आणि तिची शाखा कोल्हापुरातही आहे. माणसे भरपूर झाली. भेटणे मात्र त्या मानाने वाढले असे दिसत नाही.

शाखा चालवणे म्हणजे काय, हे ज्याने चालवली त्यालाच विचारावे. बहुतेक ठिकाणी चार-पाच जण असतात. एक जण सभागृह मिळवतो, दुसरा वक्त्याला स्टेशनवरून आणतो, तिसरा बटाटेवड्यांची संख्या ठरवतो आणि ती नेहमी चुकते. खजिनदार वर्षभर पावत्या जपतो आणि मार्चअखेर हिशेब तपासनिसाच्या पायऱ्या झिजवतो. वार्षिक सभेच्या सूचनेत महाराष्ट्रातल्या तमाम संस्थांचे ते लाडके वाक्य असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. त्या अर्ध्या तासात चहा होतो आणि मग जुनीच कार्यकारिणी बिनविरोध निवडून येते. याला कुणी सत्तेची हाव म्हणत असेल, तर त्याने एकदा चिटणीसपद मागून पाहावे. लगेच मिळेल.

या माणसांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. आपली नोकरी सांभाळून, रजा आणि रविवार खर्चून ते हे करतात. पण दिन साजरा करायचा तो नुसत्या आभारासाठी नसावा. हे सारे कशासाठी, हेही कधीतरी विचारावे लागते. व्याख्यानेच ऐकायची तर पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आहे. माहितीच हवी तर ती खिशातल्या फोनवर आहे. भट्टी विकणाऱ्याने कार्यक्रमाचा खर्च उचलायचा आणि त्या बदल्यात वीस मिनिटे आपल्या भट्टीचे गुण गायचे, एवढेच होणार असेल तर त्यासाठी प्रदर्शने पुरेशी आहेत. मग दुसरीकडे कुठे मिळणार नाही, असे शाखेत काय मिळावे?

याचे उत्तर शोधायला थोडे दूर, अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जावे लागते. १९१३ साल. मोटारगाड्यांचा धंदा नुकता जोरात आलेला. गिअर, ॲक्सल, स्प्रिंगा यांचे पोलाद तापवून, विझवून कडक करणारी माणसे बहुतेक लोहारकीतून आलेली. कुणाचे तेल काय, कुणाच्या भट्टीचा रंग कोणता, हे ज्याचे त्याच्यापाशी. गुपित हीच पोटापाण्याची पुंजी. विल्यम पार्क वुडसाइड हा स्वतः लोहारकाम केलेला गृहस्थ. त्याने अशा माणसांना एकत्र बसवले आणि ‘स्टील ट्रीटर्स क्लब’ सुरू केला. आज ‘एएसएम इंटरनॅशनल’ या नावाने ओळखली जाणारी, जगभर शाखा असलेली संस्था तिथून उगवली. भारतात आणि पुण्यातही तिच्या शाखा आहेत. मुळात ना व्यासपीठ होते, ना मानपत्र. आपला माल का तडकला, हे शेजारच्या कारखान्यातल्या माणसाला सांगायचे, एवढाच त्या मंडळाचा विषय. शाखा नावाच्या वस्तूचा जन्म असा अपयशाच्या कबुलीतून झाला आहे.

ही कबुली किती मोलाची असते, ते एका बोल्टवरून सांगता येईल. १२.९ ग्रेडचा बोल्ट घ्या. कडकपणा बरोबर, रासायनिक घटक बरोबर, वर जस्ताचा चकचकीत मुलामा. संध्याकाळी तो आवळला जातो आणि सकाळी त्याचे डोके तुटून खाली पडलेले सापडते. रात्री त्याला कुणी हातही लावलेला नसतो. धातुशास्त्राला हा गुन्हेगार चांगला माहीत आहे. मुलाम्याआधी बोल्ट आम्लात धुताना आणि नंतर विजेच्या टाकीत बुडवताना हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात. बोल्ट ताणाखाली आला की ते ताणाच्या जागी गोळा होतात आणि पोलादाच्या कणांमधली पकड सैल करतात. म्हणून तुटणे लगेच होत नाही, काही तासांनी होते. उपायही जुना आहे. मुलामा झाल्यावर वेळ न दवडता माल दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजायचा, म्हणजे हायड्रोजन निघून जातो.

हे सगळे पुस्तकात आहे. पण हा बोल्ट का तुटला, ते पुस्तकात नाही. त्या दिवशी ओव्हन आधीच भरलेला होता म्हणून ट्रॉली सकाळपर्यंत बाहेर उभी राहिली, ही गोष्ट फक्त रात्रपाळीच्या पोऱ्याला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या अहवालात ‘कामगाराला पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे लिहून प्रकरण मिटवले जाते. मग दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात तीच ट्रॉली पुन्हा तशीच उभी राहते. एका औद्योगिक वसाहतीत एकच चूक प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने शिकायची, याहून महागडी शाळा नाही. ही फी वाचवणे हे शाखेचे पहिले काम आहे.

यावर कारखानदार म्हणतील, आमचा तुटलेला माल आम्ही चारचौघांत मांडायचा? गिऱ्हाईक काय म्हणेल? गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या आहेत, त्यांचे काय? ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उतारा आहे. तुकडा यावा, नाव येऊ नये. गिऱ्हाइकाचे नाव, ड्रॉइंगचा नंबर, कारखान्याचा शिक्का, सगळे बाजूला ठेवावे. टेबलावर असावे ते एवढेच : पोलाद कोणते, त्याला काय केले, कडकपणा किती आला, मोडलेल्या जागेचा फोटो कसा दिसतो. आणि सभागृहात ऐकलेले खरेदी विभागापर्यंत जाणार नाही, हा शब्द शाखेने पाळावा. हा विश्वास एका वर्षात जमत नाही. तीच माणसे महिन्यामहिन्याला भेटत राहिली तरच जमतो. जुनीच कार्यकारिणी पुन्हा निवडून येण्याचा फायदा असेल तर तो इथे आहे.

आता आमचा खरा प्रश्न. या सभागृहात कोण बसलेले असते? व्यवस्थापक असतात, प्राध्यापक असतात, निवृत्त तज्ज्ञ असतात. मागच्या दोन ओळींत प्रमाणपत्रासाठी आलेले विद्यार्थी असतात. भट्टीवरचा माणूस नसतो. रात्रपाळीचा तो पोऱ्या नसतो. पावसाळा लागला की कास्टिंगमध्ये ब्लो होल वाढतात, मातीतला ओलावा तिथल्या तिथे तपासावा लागतो, हे फौंड्रीतल्या मोल्डरला कुणी शिकवावे लागत नाही. विझवण्याच्या तेलात पाणी शिरले की माल तडकतो, हे भट्टीवाल्याला तेलाच्या आवाजावरून कळते. आपले लोहार ‘पाणी देणे’ आणि ‘पाणी उतरवणे’ म्हणत, त्यालाच आज हार्डनिंग आणि टेम्परिंग म्हणतात. ज्या भाषेत हे शब्द घडले, ती भाषा शाखेच्या सभागृहात फक्त चहाच्या वेळी ऐकू येते. व्याख्यान इंग्रजीत, पडद्यावरची अक्षरे इंग्रजीत, प्रश्नही इंग्रजीत. म्हणून प्रश्न दोनच येतात आणि तेही पहिल्या ओळीतून. एका लोहाराने सुरू केलेल्या परंपरेत आज लोहारालाच खुर्ची नाही.

हाताचे ज्ञान हातातच राहिले तर त्याचे काय होते, हे या देशाने एकदा पाहिले आहे. दक्षिणेत मुशीत शिजवले जाणारे उक्कू पोलाद ‘वूट्झ’ नावाने जगभर गेले. लंडनमध्ये मायकेल फॅरडेने १८१९ च्या सुमारास त्याच्यावर प्रयोग केले. फॅरडे हाही लोहाराचाच मुलगा. त्याच्या हाती तराजू होता, रसायने होती आणि निष्कर्ष छापणारी नियतकालिके होती. ज्यांनी ते पोलाद शिजवले त्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. त्यांचे धंदे बसण्याला परदेशी स्वस्त माल, कोळशाची टंचाई, राज्यकर्त्यांची धोरणे अशी अनेक कारणे आहेत. पण धंदा बसल्यावर कृतीही पुसली गेली, कारण ती बापाकडून मुलाकडे तोंडी चालत आलेली होती. पुढे विद्वानांना त्या पोलादाचे रहस्य जुन्या तलवारी कापून शोधावे लागले. आज आपल्या भट्ट्यांवरचे किती जण पुढच्या पाच-सात वर्षांत निवृत्त होतील आणि त्यांच्याबरोबर काय काय निघून जाईल, याची नोंद कोण ठेवतो आहे?

अडचणी आम्हाला दिसतात. भट्टीवाल्याला पाळी असते, शनिवारी संध्याकाळी त्याला सोडणार कोण? चाकणच्या भट्टीवर मराठी माणसाइतकाच बिहारचा आणि ओडिशाचा माणूसही आहे, मग भाषा कोणती ठेवायची? दोन्हींना उत्तरे आहेत. महिन्याचे एक व्याख्यान सभागृहात न घेता पाळी बदलण्याच्या वेळी औद्योगिक वसाहतीतच घ्यावे. भाषा मराठी असो वा हिंदी, ती बोलण्याची असावी. कार्बुरायझिंगला कार्बुरायझिंगच म्हणावे, त्याला संस्कृत प्रतिशब्द शोधत बसू नये. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम सामान्य वाचकासाठी करते आहे, तिच्या गावोगावच्या विभागांना सोबत घ्यावे. वक्त्याने पंधरा मिनिटे बोलावे आणि उरलेला वेळ मोडलेल्या तुकड्याला द्यावा. पुष्पगुच्छाचे पैसे वाचवून एक साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा. आपण रोज जे तापवतो ते आतून कसे दिसते, हे भट्टीवाल्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, तर शंभर सूचनाफलकांचे काम होते.

आणि बालदिनाचा योग आहे, तर मुलांनाही विसरू नये. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके बसवतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी भांड्याला झळाळी येते आणि मऊ तांबे कडकही होते. फार कडक झाले तर ते पुन्हा तापवून मऊ करतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जे दोन तास लावून शिकवतात, ते तिथे दहा मिनिटांत दिसते, ऐकूही येते. आठवी-नववीच्या तीस मुलांना शाखेने तिथे नेले आणि तांबटालाच बोलू दिले, तर धातुशास्त्र म्हणजे काय, हे त्यांना घोषणांवाचून कळेल. त्यातले दोघे जरी पुढे या वाटेने आले, तरी चिटणीसपद घेणारे कुणी उरेल.

शाखांच्या चिटणिसांना आमची विनंती एवढीच आहे. पुढच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणाची एक छापील प्रत भट्टीशेजारच्या फलकावर लावा, आणि त्यावर वक्त्याच्या नावाखाली लिहा : ‘मोडलेला तुकडा घेऊन या.’ कारखान्यांच्या मालकांना विनंती त्याहून लहान आहे : ज्याला यायचे असेल त्याला त्या दिवशी दोन तास आधी सोडा, आणि ते दोन तास पगारी धरा.