शिवार-आभाळ : दोन वाऱ्यांची गाठ मोर्शीवर

फेब्रुवारीत मोर्शी-वरूडच्या संत्राबागांत दोन बहार एकत्र नांदतात. मृग बहाराची फळं तोडणीला आलेली असतात आणि आंबिया बहाराची झाडं फुलांनी, बारीक फळांनी भरलेली. शेजारच्या वावरात गहू ओंबीवर, हरभरा सोंगणीला. गारा पडतात त्या याच दिवसांत. एका सांजेला दोन्ही बहार झोपतात.

या गारपिटीला अचानक कोसळलेलं संकट म्हणायची रीत आता सोडायला हवी. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला गारांनी झोडपलं. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी विदर्भ-मराठवाड्यावर पुन्हा तोच मार बसला. दिवस तेच, कारणही तेच.

कारण दोन वेगळ्या स्वभावांच्या हवांचं आहे. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे सरकतो. एरवी त्याचा पाऊस आणि बर्फ तिकडेच पडतं. मात्र उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांतला त्याचा पट्टा दक्षिणेला लांबला, की पाच-सहा किलोमीटर उंचीवरची थंड, कोरडी हवा मध्य भारतावर येते. त्याच वेळी जमिनीलगत बंगालच्या उपसागरावरून दमट, उबदार वारा विदर्भात घुसलेला असतो. खाली ऊब आणि ओल, वर गारठा. दुपारचं ऊन खालच्या हवेला धक्का देतं आणि ढग उभेच्या उभे वाढत जातात. शून्य अंशाची पातळी ओलांडूनही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणांवर चिकटतात. वर चढणाऱ्या वाऱ्याला तो भार पेलेनासा झाला, की गार खाली येते.

पावसाळ्यात ढग यापेक्षा कमी नसतात, तरी गारा क्वचितच पडतात. तेव्हा शून्य अंशाची पातळी बरीच वर सरकलेली असते आणि गार वाटेतच वितळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला तेवढी सवलत मिळत नाही.

दोन हवांची ही गाठ शास्त्राला नवी नाही. नॉर्वेतल्या बर्गेन इथे हवामानशास्त्रज्ञ याकोब बियर्कनेस आणि सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, दोन वायुराशींच्या सीमेचा सिद्धान्त मांडला. युद्धातल्या आघाड्या ताज्या होत्या, म्हणून त्या सीमेलाही आघाडी म्हटलं गेलं. युरोपच्या नकाशावर ती ठळक रेघ असते. वऱ्हाडात जमिनीवर तशी रेघ सापडत नाही, कारण इथला झगडा बराचसा वर-खाली चालतो. पश्चिमी विक्षोभांचा भारतीय हवामानाशी संबंध १९५६ मध्ये पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी तपासला. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक हेच पिशारोटी. म्हणजे हे ज्ञान आपल्या दारात कधीचं आहे.

मग अडतं कुठे? विक्षोभ येतोय, हे काही दिवस आधी कळतं. नेमकी गार कोणत्या शिवारात पडेल, हे मात्र ढग उभा राहिल्यावरच. गारेचा पट्टा कधी जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो आणि इशारा निघतो अख्ख्या अमरावती जिल्ह्याचा. धारणीपासून धामणगावपर्यंतच्या चौदा तालुक्यांना इशाऱ्याचा एकच रंग देऊन मोर्शीच्या बागायतदाराने काय करायचं? नागपूरच्या रडारवर ढग दिसताच त्याची दिशा सांगणारा तासा-दोन तासांचा संदेश मराठीत, मंडळनिहाय गावात पोचला पाहिजे. तेवढ्या वेळात बाग झाकून होत नाही, पण तोडलेला माल, सोंगलेला हरभरा आणि गुरं आडोशाला नेता येतात.

विम्याचंही तसंच. हवामानावर आधारित फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. ज्या पट्ट्यात गारेचा हंगाम आणि फळाचा हंगाम एकमेकांवर पडतात, तिथे ते मूळ विम्यातच असायला हवं. मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतं. गार मोजत नाही. गावोगावी कुणीतरी गारेचा आकार, वेळ आणि ठिकाण फोटोसह नोंदवण्याची व्यवस्था फार खर्चाची नाही. ती पुढच्या फेब्रुवारीआधी उभी राहू शकते.