बांधावरचा अडुळसा



बोरी भागात ऊसनोंदीला फिरताना आम्ही पाहतो, बांध साफ करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड अडुळशावर. कारण काय, तर 'जनावर तोंड लावत नाही, ठेवायचा कशाला?' अहो, तोंड लावत नाही म्हणूनच तो कुंपणाला चांगला!

त्याच्या कडू पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच रचनेवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध आलं. दुकानातल्या पुष्कळ खोकल्याच्या बाटल्यांत आजही ते असतं. आजीबाईचा काढा अगदीच खुळा नव्हता म्हणायचा.

पण आमचं मत स्पष्ट आहे. ज्या उसात टू-फोर-डी मारलं, तिथल्या बांधावरचा पाला काढ्याला घेऊ नये. हे तणनाशक पानात मुरतं, धुऊन जात नाही. गरोदर बाईला तर काढा देऊच नये, व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढ्यावर दिवस न काढता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. क्षय असेल तर तो अडुळशानं जात नाही.

तोडलेल्या फांद्या मात्र पेटवू नका. मृगात बांधाला टोचल्या की फुटतात.