फिटिंगचा जॉब सायकलवर करू या!

पॅडल मारताना दर फेरीला ‘टक्’ वाजलं, की सायकल म्हातारी झाली असं समजू नका. जुन्या काळ्या सायकलींत बहुतेक वेळा क्रँकची कॉटर पिन झिजलेली असते. आमच्या पुरुषोत्तमनगरात अशा सायकली अजून दिसतात.

ही पिन म्हणजे एका बाजूने तिरकी घासलेली पाचर. अ‍ॅक्सलपेक्षा मऊ, म्हणून झिजायचं तिनेच. बरेच जण नुसता नट आवळत बसतात. पण पकड नट देत नाही, पाचर देते. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्यायचा, नाहीतर हातोड्याचा मार बेअरिंगला बसतो. पिन ठोकून बसवायची, मग नट. पिन पुरेशी आत जात नसेल, तर तिची सपाट बाजू कानशीने थोडी घासायची.

फर्स्ट इयरला आपण लोखंडी पट्टी तासन्‌तास घासतो. जॉब सबमिट होतो नि भंगारात जातो. त्याऐवजी वर्कशॉपमध्ये एक जुनी सायकल ठेवा ना! कानस तीच, मेहनतही तीच. फक्त काम जमलं की नाही, हे सरांच्या आधी सायकलच सांगेल.